बिगरपरवाना गेम डिस्क, त्यांवरचं संरक्षण आणि आपला पावसाळा

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. या गणपतीत घरी गेलो आणि आता थांबण्यात अर्थ नाही असं वाटलं.

घर वेंगुर्ल्याजवळ. मामाचं बाजारात सीडी भाड्याने द्यायचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत दोन टीव्ही, दोन प्लेस्टेशन. अर्ध्या तासाला पाच रुपये. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट तिथे हजर. दुकान बंद होऊन पंधराएक वर्षं झाली. मखराचं सामान काढायला माळ्यावर चढलो तर कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक, आणि आत दुकानाचा सगळा माल. दीडएकशे डिस्क असतील. बहुतेक घरी बर्न केलेल्या, पाठ निळसर-जांभळी, वर मार्करने मामाच्या अक्षरात नाव. त्यांतल्या निम्म्यांचा रंग उडाला आहे. पण तळाशी सहा डिस्क वेगळ्या निघाल्या. कारखान्यात छापलेल्या, चंदेरी, आणि एकीवरही प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचं नाव नाही. मामेभाऊ बोटीवर होता. बोट सिंगापूरला किंवा रॉटरडॅमला लागली की तिथून तो असलं काहीबाही आणायचा.

धागा या सहा डिस्कसाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हा गोंधळ हमखास होतो. बिगरपरवाना डिस्क म्हणजे चोरीची प्रत नव्हे. मामाने बर्न केलेल्या त्या चोरीच्या प्रती, त्यावर वाद नाही. बिगरपरवाना म्हणजे एखाद्या कंपनीने स्वतः बनवलेली, स्वतः छापून विकलेली डिस्क, फक्त कन्सोल (प्लेस्टेशनसारखं गेमचं यंत्र) बनवणाऱ्या कंपनीची परवानगी न घेता. ब्रिटनच्या डेटेल कंपनीच्या अॅक्शन रिप्लेसारख्या चीट डिस्क, म्हणजे गेममध्ये जादा जीव वगैरे देऊन खेळ सोपा करणाऱ्या, या जातीच्या. जपानमध्ये पीसी इंजिन कन्सोलसाठी गेम्स एक्सप्रेस नावाने असे गेम निघत. ड्रीमकास्टवर प्लेस्टेशनचे गेम चालवणाऱ्या ब्लीमच्या डिस्क २००१ मध्ये आल्या. सोनीशी चाललेल्या कोर्टकचेऱ्यांच्या खर्चाखाली ती कंपनी त्याच वर्षी बंद पडली.

परवानाधारक गेमची मूळ प्रत कुठल्यातरी कंपनीच्या तिजोरीत असते, कधीतरी तो नव्याने निघतोही. या डिस्कच्या मागे कोणी उभं नाही. कंपन्या गेल्या, मोठ्या कंपन्यांना यांचं नाव नको, आणि संग्राहकांनाही चीट डिस्कचं काय कौतुक? पण त्या काळात पोरं काय खेळत होती, कसं खेळत होती, याचा तो अस्सल पुरावा आहे. आमच्या त्या मागच्या खोलीत चीट डिस्क लावल्याशिवाय कोणी शेवटच्या लेव्हलला पोचलं असेल असं मला वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. या लोकांना कन्सोल कंपनीची परवानगी नव्हती, आणि आपली डिस्क दुसऱ्याने कॉपी करू नये ही भीती मात्र त्यांनाही होती. म्हणून त्यांनी आपापली संरक्षणं घातली. काहींनी मेमरी कार्डच्या खाचेत बसणारा डोंगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं यंत्र, सोबत दिला. काहींनी डिस्कमध्येच खोट पेरली.

खोट पेरली म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगावं लागेल. सीडीवरची माहिती सेक्टर नावाच्या सारख्या तुकड्यांत असते आणि मूळ एकपट गतीला सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात. डेटा सीडीचा एक सेक्टर २३५२ बाइटचा. त्यातले २०४८ बाइट आपल्या फाइलींचे. उरलेल्यांत सुरुवातीची खूण, सेक्टरचा पत्ता, चूक ओळखणारा ४ बाइटचा कोड आणि चूक सुधारणारे २७६ बाइट असतात. याशिवाय प्रत्येक सेक्टरबरोबर ९६ बाइटचा उपप्रवाह वाहतो, ज्याला सबचॅनल म्हणतात. ट्रॅक कुठला, वेळ किती झाली, ही माहिती त्यात.

साधं कॉपी करणारं सॉफ्टवेअर फक्त ते २०४८ बाइट उचलतं. नवी डिस्क लिहिताना ड्राइव्ह बाकीचं सगळं स्वतः हिशोब करून नव्याने भरतो, आणि बरोबर भरतो. संरक्षण नेमकं इथे बसवलेलं असतं. मूळ डिस्कच्या ठरावीक सेक्टरांत तो चूक ओळखणारा कोड मुद्दाम चुकीचा छापायचा. प्रोग्राम सुरू होताना तो सेक्टर वाचून बघतो. चूक आली तर डिस्क खरी, सगळं नीट आलं तर नकली. युरोपातल्या प्लेस्टेशन गेमवर लिबक्रिप्ट नावाचं संरक्षण होतं, ते परवानाधारक, पण जात हीच. त्यात सबचॅनलमधल्या मोजक्या जागांची तपासणी-बेरीज (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) बिघडवलेली असते आणि त्या बिघाडांतूनच गेमची किल्ली तयार होते.

जुन्या मोडी कागदाची नक्कल करताना लेखनिकाने खाडाखोड सुधारून स्वच्छ अक्षरात लिहावं, आणि जमिनीच्या दाव्यात नेमकी ती खाडाखोडच पुरावा असावी, तसं हे आहे. स्वच्छ नक्कल निरुपयोगी.

आता माझी अडचण. सहातल्या एका चीट डिस्कची पूर्ण प्रत काढायला बसलो. दोन ठिकाणी चुका येतात. एक पट्टा मध्यावर, साधारण दीडशे सेक्टरांचा. दुसरा अगदी बाहेरच्या कडेला, हजारभर सेक्टरांचा. यातली पेरलेली खोट कुठली आणि माळ्यावरच्या पंधरा पावसाळ्यांनी केलेली खोट कुठली? एका डिस्कवरून हे छातीठोक सांगता येत नाही. म्हणून विचारतो: कोकणात कोणाकडे अशा डिस्क आहेत का? खराब झाल्या असतील तरी चालतील. कृपया फेकू नका, पुसू नका, इथे सांगा.

रापण

माझ्याकडे आसत दोन. मालवणात आमच्या घराकडे कपाटात पडलेल्यो. एक ह्या असल्या चीटची, दुसरी छोटी, तळहातात मावात एवढी. मोठीच्या कडेक पांढरा डाग दिसता, आरशाक येता तसो. ता काय बुरशी काय? आणि पुसू नको म्हणतास ता कित्याक?

सड्यावरचा

रापण दादा, लगेच सांगतो. सीडीचं १.२ मिलीमीटर जाडीचं प्लास्टिक खालच्या बाजूला असतं. माहिती त्याच्या वरच्या अंगाला कोरलेली. तिच्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेसारखा लेप आणि मग छापील चित्र. म्हणजे आपण जपतो ती चकचकीत बाजू बऱ्यापैकी सुरक्षित असते आणि खरा धोका चित्राच्या बाजूने. कडेला लेप पातळ पडला असेल तर दमट हवा आत शिरते आणि अॅल्युमिनियम गंजतं. अॅल्युमिनियमचा गंज पांढुरका, आरपार दिसणारा. डिस्क उजेडासमोर धरा. डागातून उजेड आला तर तिथला थर गेला.

खरी बुरशीही लागू शकते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये, आपल्यासारख्याच उष्ण दमट हवेत, २००१ मध्ये एका स्पॅनिश संशोधकाला जिओट्रायकम जातीची बुरशी सीडीच्या कडेने आत शिरून प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम दोन्ही खाताना सापडली होती.

पुसू नका म्हणालो ते चित्राच्या बाजूसाठी. लेप सुटत असेल तर फडक्याबरोबर माहितीचा थरच निघून येईल.

घाटमाथा

लेख आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. या चीट डिस्कच्या इमेज, म्हणजे फाइलीच्या रूपातल्या पूर्ण प्रती, इंटरनेटवर कधीच्या आहेत. शोधलं की पाच मिनिटांत मिळतात. मग हा एवढा खटाटोप कशासाठी?

सड्यावरचा

शंका रास्त आहे. मीही सुरुवातीला तिथूनच शोधलं होतं. तिथे जे मिळतं त्यातलं बरंचसं तोडलेलं असतं. कोणीतरी तपासणीचा भाग काढून टाकला, कोणी चीटची यादी वाढवली, कोणी सुरुवातीच्या पडद्यावर स्वतःच्या गटाचं नाव घातलं. ते चालतं, पण ती मूळ डिस्क नाही. शंभर वर्षांनी कोणाला बघायचं असेल की २००२ साली एका छोट्या कंपनीने आपली डिस्क कशी वाचवायचा प्रयत्न केला, तर तोडलेल्या प्रतीत ते उत्तर सापडणार नाही. ते संरक्षण हीसुद्धा कोणाची तरी कारागिरी होती.

शिवाय आवृत्त्या. एकाच नावाची चीट डिस्क पुन्हा पुन्हा छापली जायची, दर वेळी आत काही वेगळं. देवळाच्या दगडावरचा लेख वाचायचा तर दगडच लागतो, कोणी वहीत उतरवून घेतलेला चालत नाही.

घाटमाथा

पटलं. तोडलेली प्रत आणि मूळ प्रत हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. वाचतोय.

कोर्टाची पायरी

रत्नागिरीत वकिली करते. कायद्याची बाजू इथेच नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे घोळ नको.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये, पहिल्या पोटकलमाच्या एए खंडात, संगणकीय प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला ती हरवणं, नष्ट होणं किंवा खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करायची मुभा आहे, आणि ती मूळ प्रत ज्या कामासाठी दिली गेली त्याच कामासाठी. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात हेतू हा शब्द कळीचा आहे. शिवाय कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी काही केलं तर त्याला हे कलम आड येत नाही, अशी तरतूद त्यातच आहे.

तेव्हा स्वतःच्या मालकीच्या डिस्कची प्रत जतनासाठी घरी काढणं ही एक गोष्ट, आणि ती इमेज सगळ्यांसाठी चढवणं ही पूर्ण वेगळी. कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाहीत, ते कोणाकडे तरी गेलेले असतात. मामांच्या बर्न केलेल्या डिस्कना हे संरक्षण नाही, हेही सांगते.

सड्यावरचा

आभारी आहे ताई. माझा बेत असाच आहे. इमेज इथे किंवा कुठेही चढवणार नाही. फक्त तीन गोष्टी मांडेन: डिस्कचे फोटो, मधल्या भोकाभोवतीच्या रिंगवरचे कोड आणि प्रतीच्या तपासणी-बेरजा. जगभरात रिडम्प नावाचा जो प्रकल्प चालतो तोही इमेज ठेवत नाही, एवढीच नोंद ठेवतो. दोन अनोळखी माणसांच्या प्रतींची बेरीज एकच आली की दोघांनाही कळतं की आपली प्रत बरोबर आहे.

पन्हळ

मी ग्रंथालयात काम करते, म्हणून साठवणीबद्दल. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी सांभाळण्याची पुस्तिका काढली होती. तिच्यात दीर्घकाळ साठवणीसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत भिंतीसुद्धा घाम फोडतात. हे आकडे आपल्याला घरात साधायचे नाहीत, पण हवाबंद डब्यात जवळपास जाता येतं.

माझ्या घरी चालतं ते असं. झाकणाला रबर असलेला मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दीडदोनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक. डिस्क उभ्या, प्रत्येक आपापल्या कव्हरात. डबा माळ्यावर नाही, कारण मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी होते. मधल्या खोलीत, फरशीपासून हातभर वर. पुड्या मृगाच्या आधी एकदा आणि नवरात्रात एकदा बदलते.

फ्रीजमध्ये ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं. डांबरगोळ्याही नकोत. माझ्या एका पेटीतली पारदर्शक कव्हरं त्यांनी चिकट करून टाकली. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, आणि नाव लिहायचंच तर मधल्या पारदर्शक कड्यावर.

वाशिष्ठीकाठ

धागा काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा यजमानांचं मोबाइल-सीडीचं दुकान पहिल्या मजल्याच्या खाली सगळं बुडालं. चार दिवसांनी शटर उघडलं तेव्हा आत गुडघाभर चिखल. नवा माल गेला त्याचं दुःख केलं, जुन्या डिस्ककडे कोण बघतो? पण मुलाने रडून रडून त्याच्या गेमच्या डिस्क एका बादलीत घालून घरी आणल्या. मी त्या नळाखाली धुतल्या आणि पडवीत तारेवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावून सुकवल्या. तेव्हापासून डब्यात आहेत.

तुमच्या फोटोतली चीट डिस्क त्यांत आहे. तेच चित्र, तोच रंग. चरे खूप आहेत. उपयोग होईल का?

सड्यावरचा

ताई, उपयोग होईल का असं विचारू नका. वाचून हात थरथरले माझे.

तुम्ही नळाखाली धुतलंत ते उत्तम केलंत. चिखल सुकल्यावर खरवडला असता तर एकेक वाळूचा कण करवतीसारखा चालला असता. चऱ्यांची भीती बाळगू नका. चरे पारदर्शक प्लास्टिकवर असतात, माहिती त्याच्या पलीकडे. सीडीची चूक सुधारण्याची पद्धत सलग साधारण अडीच मिलीमीटर लांबीचा खंड भरून काढू शकते. चरा केंद्राकडून कडेकडे जात असेल तर प्रत्येक फेऱ्यात थोडंच नुकसान होतं. गोल, ट्रॅकच्या दिशेने गेलेला चरा वाईट. म्हणूनच पुसताना नेहमी मधून बाहेर सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही.

एक विनंती. डिस्क उलटी करा आणि मधल्या भोकाभोवतीच्या अरुंद आरशासारख्या पट्ट्यावर तिरपा उजेड टाका. तिथे बारीक अक्षरं-आकडे दिसतील. फोटो काढून टाका. चित्र एकच असलं तरी ज्यावरून डिस्क छापल्या तो मूळ मास्टर वेगळा असेल तर आतली माहिती वेगळी असू शकते.

वाशिष्ठीकाठ

मुलाने भिंग लावून फोटो काढला. लांब आकडा एकच आहे, तुमच्याशी अक्षर न् अक्षर जुळतो. आयएफपीआय असं लिहिलेलं दोन ठिकाणी आहे. त्यातलं एक जुळतं, दुसरं नाही.

सड्यावरचा

म्हणजे आपलं नशीब फळफळलं. लांब आकडा हा मूळ काचेच्या मास्टरचा. आयएफपीआयचा एक कोड मास्टर कोणत्या यंत्रावर कोरला त्याचा, दुसरा डिस्क कोणत्या साच्यात ओतली त्याचा. मास्टर एकच आणि ओतण्याचे साचे दोन, असं झालं. आत कोरलेली माहिती दोन्हींत तीच असायला हवी.

आता सगळ्यांसाठी, मी नेमकं काय करतोय ते. कोणालाही घरी करता येईल, फक्त ड्राइव्ह योग्य हवा. सगळे ड्राइव्ह कच्चा मजकूर देत नाहीत, बरेचसे तो परस्पर सुधारून देतात. जुने प्लेक्सटर या कामात नावाजलेले. नव्यांपैकी आसुसचा बीडब्ल्यू-१६डी१एचटी विशिष्ट फर्मवेअरवर (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) चालतो. सॉफ्टवेअर डिस्कइमेजक्रिएटर किंवा रिडम्पर, दोन्ही फुकट. ही सॉफ्टवेअर २३५२ बाइट तर घेतातच, सबचॅनल वेगळ्या फाइलीत ठेवतात आणि ड्राइव्हने कुठे हात टेकले त्याचीही नोंद ठेवतात. बिन-क्यू ही फाइलींची जोडी सोयीची आहे, पण तिच्यात सबचॅनल नसतो. तेवढीच ठेवून बाकीच्या फाइली पुसू नका. पुढच्या माणसाला त्याच लागतील.

आणि आता कळीचं. हात टेकल्याच्या त्या नोंदीला सी-टू म्हणतात. लेझरला खड्डे नीट दिसलेच नाहीत, म्हणून ड्राइव्ह म्हणतो या बाइटवर भरवसा ठेवू नका. गंज, बुरशी, चरे यांच्या जागी सी-टू उठतो आणि दर वाचनाला वेगळंच काही येतं. पेरलेल्या खोटीत असं होत नाही. तिथे खड्डे स्वच्छ कोरलेले असतात, लेझरला सगळं दिसतं, सी-टू शून्य. फक्त आतला तपासणीचा कोड मजकुराशी जुळत नाही, आणि दहा वेळा वाचलं तरी तीच चूक तशीच येते.

माझ्या मधल्या पट्ट्यात असंच आहे. दहा वाचनं, दहाही सारखी, सी-टू नाही. ती पेरलेली खोट म्हणायला मी तयार आहे. बाहेरच्या कडेला मात्र सी-टू आहे आणि दर वेळी मजकूर बदलतो. तो गंज असावा. पण असंही संरक्षण असतं की कंपनी एखादा पट्टा खरोखरच वाचता येणार नाही असा सोडते. म्हणून तिथे अंदाजावर शिक्का मारायचा नाही.

ताई, डिस्क पाठवाल? मी येऊन न्यायलाही तयार आहे.

वाशिष्ठीकाठ

पाठवायची नाही, पुराने एकदा नेली होती. तुम्ही या. जेवूनच जा.

रापण

माझ्या छोट्या डिस्कचा काय? ती प्लेस्टेशनात बसता, पण फिरून थांबता.

सड्यावरचा

दादा, फोटोवरून ती ८ सेंटीमीटरची, निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलची डिस्क आहे, प्लेस्टेशनची नाहीच. तिच्यात साधारण १.४६ जीबी मावतं, आणि ती डीव्हीडीची भावंड असली तरी संगणकाच्या साध्या ड्राइव्हला वाचता येत नाही. प्रत काढायची तर निन्टेंडोचाच जुना वी कन्सोल लागतो, गेमक्यूबच्या डिस्क घेणारा. त्यातून तुमची ही डिस्क डेटेलची. त्यांच्या गेमक्यूबच्या डिस्कवर वाचता न येणारे मोठे पट्टे मुद्दाम सोडलेले असतात. प्रत काढणारा प्रोग्राम तिथे अडकून तासन्‌तास खरवडत बसतो आणि लोक कंटाळून म्हणतात डिस्क मेली. ती मेलेली नाही, ती तशीच जन्मलेली आहे. प्लेस्टेशनात पुन्हा घालू नका, कपाटातून काढून पन्हळ ताईंच्या पद्धतीने डब्यात ठेवा. वी मी शोधतो.

पन्हळ

माझ्या भाच्याकडे पांढरा जुना वी आहे, वरच्या बाजूला गेमक्यूबच्या कंट्रोलरच्या खाचा असलेला. दिवाळीत तो रत्नागिरीला येईल.

सड्यावरचा

रविवारी चिपळूणला जाऊन आलो. ड्राइव्ह आणि लॅपटॉप बरोबर नेले होते, डिस्क घराबाहेर गेलीच नाही. ताईंच्या मुलाने स्वतः बटण दाबलं. आता नववीत आहे.

निकाल असा. मधला पट्टा त्यांच्या डिस्कवरही आहे. त्याच सेक्टरला सुरू, त्याच सेक्टरला बंद, सी-टू शून्य, आणि चुकीचे बाइटसुद्धा माझ्या डिस्कसारखेच. म्हणजे ती खोट कारखान्यातच पेरली होती, यात आता शंका नाही.

बाहेरची कड मात्र त्यांच्या डिस्कवर स्वच्छ वाचली गेली. हजारच्या हजार सेक्टर, एकही चूक नाही. माझ्या कडेला जे झालं ते आपल्या पावसानेच. उलट त्यांच्या डिस्कवर सुरुवातीच्या भागात पुराच्या वाळूचे दोन गोल चरे आहेत आणि तिथले चाळीसएक सेक्टर बरेच प्रयत्न करूनही आले नाहीत. ते माझ्या डिस्कवर स्वच्छ आहेत.

दोन्ही डिस्कवर जे नीट वाचलं गेलं ते बाइट न् बाइट जुळतं. दोन्ही मिळून पूर्ण डिस्क उभी राहते. वेंगुर्ल्याच्या माळ्यावर गंजलेली आणि वाशिष्ठीच्या चिखलातून काढलेली, दोन अर्धवट प्रतींमधून. सबचॅनल अजून तपासतोय. त्यात तीन जागी दोन्ही डिस्कवर सारखाच विचित्र मजकूर दिसतो, तोही पेरलेला असावा, पण आणखी वाचनं घेतल्याशिवाय म्हणणार नाही.

एक सांगायचं राहिलं. मधला पट्टा पाहून माझ्या एका मित्राने सुचवलं होतं की हे सेक्टर सुधारून टाक, तसं करणारी सॉफ्टवेअर आहेत, एका क्लिकचं काम. त्या दिवशी ते केलं असतं तर तपासणीत स्वच्छ दिसणारी, आणि कन्सोलवर कधीच न चालणारी प्रत माझ्याकडे राहिली असती. आणि मूळ डिस्क तर गंजतेच आहे.

कोर्टाची पायरी

वाचून फार बरं वाटलं. दोन डिस्कच्या मिळून केलेल्या प्रतीत कुठला सेक्टर कुठल्या डिस्कमधून घेतला, याची नोंद प्रतीसोबतच ठेवा. कागदपत्रांच्या बाबतीत आम्ही हेच बघतो.

सड्यावरचा

ठेवली आहे ताई. सेक्टरच्या आकड्यांसकट साधी मजकूर फाइल आणि दोन्ही डिस्कच्या रिंगचे फोटो. तरीही माझ्या मते ही अजून जोडलेली प्रत आहे. तिसरी डिस्क एकटीच पूर्ण वाचली गेली आणि बेरीज जुळली, तर मगच ती पक्की धरेन.

रापण

माझी मोठी डिस्क तीच आसा रे. आत्ताच उजेडाक धरून आकडो वाचलंय. लांब आकडो तुझ्यासारखोच, शेवटची दोन अक्षरा डागाखाली गेली. कडेक आरपार दिसता, पण मधी सगळा स्वच्छ आसा. कधी येतस?

सड्यावरचा

शनिवारी सकाळच्या एसटीने निघतो. तोवर तिला हात लावू नका, उभी ठेवा.